सांबरशिंगाचं झुंबर

मुलाचं घर बांधून होत आलंय. साताऱ्याहून मेढ्याकडे जाताना लागणाऱ्या एका लहान गावात, कौलारू, दोन खोल्या आणि एक मोठं माजघर. सूनबाई त्याला 'लिव्हिंग रूम' म्हणते, मी माजघर म्हणते, आणि सुतार 'हॉल' म्हणतो. तिघांना एकमेकांचं कळतं, त्यामुळे काम अडत नाही :)

भिंती, फरशी, कपाटं या सगळ्यावर एकमत झालं. अडलं ते एका दिव्यावर. माजघराच्या मधोमध आढ्याला काय टांगायचं? इंटिरिअर करणाऱ्या मुलीने सूनबाईला फोनवर एक चित्र पाठवलं होतं. हरणाच्या शिंगांचं झुंबर. शिंगांत शिंगं अडकवून गोल केलेला, प्रत्येक टोकाशी मेणबत्तीसारखा बल्ब, खाली जाडजूड लाकडी टेबल, मागे दगडी भिंत. दिसायला सुंदरच होतं, उगीच नाव कशाला ठेवा. त्या मुलीचं म्हणणं, घराचा लुक 'रस्टिक' आहे, त्याला हेच शोभेल.

रस्टिक म्हणजे काय, हे मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, रस्टिक म्हणजे गावाकडचं." मी म्हटलं, अरे, माझा जन्म सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातला. नोकरीही कुंडल-देवराष्ट्रे भागातल्या शाळांत झाली. गावाकडच्या घरात आढ्याला शिंगं टांगून त्यात दिवे लावलेले मी एकदाही पाहिले नाहीत. आढ्याला असायची कांद्याची नाहीतर मक्याच्या कणसांची माळ, आणि दिवा म्हणाल तर कोनाड्यात चिमणी, खुंटीला कंदील, देवापाशी समई. लग्नकार्याला गॅसबत्ती भाड्याने यायची. वाड्यातल्या लोकांकडे हंड्या आणि लामणदिवे. हे सगळे प्रकार ज्यांना बघायचेत त्यांनी पुण्याला राजा केळकर संग्रहालयात जावं. दिनकर केळकरांनी (कवी 'अज्ञातवासी' ते हेच) गावोगाव फिरून जमवलेल्या दिव्यांपुढे मी एकदा तासभर उभी होते. १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला.

मग हे शिंगांचं झुंबर आलं कुठून? मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून जरा शोधलं. मूळ युरोपातलं. जर्मन भाषिक मुलखात पंधराव्या-सोळाव्या शतकात शिंगांना लाकडी कोरीव आकृती जोडून असे दिवे करत. ड्यूररसारख्या थोर चित्रकाराने त्यांची रेखाटनं केली आहेत. पुढे ही आवड अमेरिकेत डोंगराळ भागातल्या लाकडी घरांत रुजली. वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचं गाव आहे, तिथल्या चौकात एल्क जातीच्या हरणांच्या शिंगांच्या चार कमानीच आहेत. जवळच त्या हरणांसाठी राखलेलं मोठं रान आहे. हिवाळा संपला की तिथे गळून पडलेली शिंगं स्काउटची मुलं गोळा करतात, गावात लिलाव होतो आणि पैशाचा मोठा वाटा पुन्हा त्या रानासाठी जातो. कुणाला मारायचं नाही, गळलेलं उचलायचं. त्यांच्या परीने चांगलीच पद्धत. म्हणजे त्या चित्रातलं झुंबर त्यांच्या गावाकडचं होतं. आपल्या नव्हे.

चित्र मोठं करून मी नातवाला शिंगाची टोकं मोजायला लावली. एका शिंगाला सहा-सात निघाली. आता आपलं सांबर बघा. भारतातलं हे सर्वांत मोठं हरीण, पण त्याच्या एका शिंगाला साधारण तीनच टोकं. एक कपाळाजवळून पुढे आलेलं आणि दोन वर शेंड्याला. शिंग जाड, खडबडीत, झाडाच्या सालीसारखं. चितळाचंही तीन टोकांचंच, पण गुळगुळीत आणि बाकदार. त्यामुळे चित्रातला प्राणी कोयनेच्या रानात हुडकूनही सापडायचा नाही!

शिंग म्हटलं की आपण गाय-बैल डोळ्यांपुढे आणतो. पण दोन गोष्टी निराळ्या आहेत. गवा, काळवीट यांची शिंगं जन्मभराची. आत हाड, वर आपल्या नखांसारखं आवरण. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं म्हणजे नुसतं हाड, ती फक्त नराला येतात, गळून पडतात आणि पुन्हा नवी फुटतात. नव्या शिंगावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातून रक्त खेळत असतं. शिंग पुरतं वाढलं की ती कातडी सुकते आणि नर झाडावर शिंगं घासून ती काढून टाकतो. प्राण्यांच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारं हाड दुसरं क्वचितच असेल.

हे मी पुस्तकात वाचलेलं, पण खरं कळलं ते सागरेश्वरला. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य म्हणजे जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण त्यामागे केवढे कष्ट आहेत! उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून माणसांनी उभं केलेलं हे रान. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. १९८५ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आमच्या शाळेची सहल तिथे जायची. एकदा एका मुलाला वाटेच्या कडेला चितळाचं गळलेलं शिंग दिसलं. त्याला काय आनंद! शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवू, म्हणाला. बरोबर असलेल्या वनरक्षकाने ते हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. एका कडेला बारीक चर पडले होते, कुणीतरी पटाशीने तासल्यासारखे.

"हे साळिंदरानं कुरतडलंय," तो म्हणाला. "त्याला यातनं चुना मिळतो. हरणंसुद्धा चघळतात. तुम्ही नेलंत तर प्रयोगशाळेत धूळ खाईल, हितं राहिलं तर कुणाच्या तरी हाडाला लागंल."

आणि शिंग होतं तिथे ठेवून दिलं. चाळीस मुलं गप्प झाली होती. मी वर्गात पाच तास घेऊन जे शिकवू शकले नसते ते त्याने दोन वाक्यांत शिकवलं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे शिंगं वापरत नव्हते का? वापरत होते की. आमच्या आजीच्या सहाणेजवळ सांबरशिंगाचा बोटभर तुकडा असायचा. छातीत दुखलं, कुठे सूज आली की उगाळून लेप. वैद्य त्याचं भस्म करत. आणि मिरजेला सतारी-तंबोरे करणारे कारीगर सांबरशिंगाची घोडी करत. घोडी म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात ती. तिच्यावरच वाद्याची जवारी, म्हणजे आवाजातला तो गुंजारव, अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी मिरजेत वाद्यं करायला घेतली आणि त्यांच्या घराण्याला सतारमेकर हेच नाव पडलं. हत्याराची धार गेली आणि हातात सूर आला, असं मला नेहमी वाटतं. पुढे रानातलं शिंग मिळेना, कायदाही आला, तेव्हा घोडीसाठी उंटाचं हाड आलं, लाकूड आलं, कृत्रिम पदार्थ आले. म्हणून मिरजेचा तंबोरा बोलायचा थांबला का? उलट २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी शिंग सोडलं, आणि आम्ही एका दिव्यासाठी धरून बसायचं?

कायदा म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात रानटी जनावराचं शिंग 'ट्रॉफी' या शब्दात धरलं आहे. विकणं, विकत घेणं, त्याच्या वस्तू करून धंदा करणं हा गुन्हा. शिंग गळलेलं आहे की मारलेल्या जनावराचं, हे बुंध्याकडे बघून कळतं. गळलेल्याचा बुंधा गोलसर असतो, मारलेल्याला कवटीचं हाड चिकटलेलं असतं. पण एकदा करवतीने कापलं आणि पॉलिश केलं की कोण ओळखणार? 'आपोआप गळलेलं आहे हो' असं विकणारा म्हणणारच. शिंगाला भाव आला की रानात माणसं शिरणार, आणि सगळीच काही गळण्याची वाट बघत बसणार नाहीत. जॅक्सनची गोष्ट आपल्याकडे चालत नाही ती यामुळे.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण घरातल्या गोष्टी कायद्याच्या कलमाने संपत नाहीत. आमच्या थोरल्या भाऊजींच्या कानावर हे झुंबराचं गेलं आणि सांगलीहून त्यांचा फोन आला.

भाऊजींचं वय चौऱ्याऐंशी. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. त्या पिढीतले आता भाऊजी एकटेच. त्यांच्या घरी बैठकीच्या भिंतीवर सांबराची एक जोडी आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी केलेल्या शिकारीची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्या जोडीचा रीतसर दाखला सासऱ्यांनी काढून ठेवला होता, तो भाऊजींच्या ट्रंकेत आहे.

"अगं, बाजारातली कसली शिंगं आणताय?" भाऊजी म्हणाले. "आपली घरची आहेत. माझ्यामागे इथे कोण बघणार? पोरं परदेशात. तुझ्या मुलाने न्यावीत. झुंबर करायचंय तर त्यांचं करा. आजोबांचं नाव राहील."

खरं सांगते, मला पटकन बोलता येईना. 'आजोबांचं नाव राहील' याच्यापुढे काय बोलणार? चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आपल्या भिंतीवरची वस्तू काढून देतोय, ती नको म्हणायचं म्हणजे त्यांच्यासकट नको म्हटल्यासारखं. मुलगाही विरघळला होता. "आई, काकांना किती बरं वाटेल," म्हणाला.

फोनवर बोलण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पुढच्या आठवड्यात एसटीने सांगलीला गेले. चहा झाल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, त्या शिकारीची गोष्ट सांगा ना."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "शिकार मी कुठे पाहिली? मी जन्मलोही नव्हतो." मग हळूहळू बोलायला लागले. शिकारीबद्दल नाहीच. लहानपणी त्या शिंगांना दोघे भाऊ आपापल्या टोप्या अडकवायचे. डावीकडचं शिंग भाऊजींचं, उजवीकडचं ह्यांचं. परीक्षेत नापास झाले तेव्हा वडिलांच्या मारापासून वाचायला भाऊजी त्याच बैठकीत माच्याखाली लपले होते. आजोबांची पगडी, आजीने त्या शिंगांवर फडकं मारताना केलेली बडबड, "मेलेल्याची धूळ मी किती वर्षं पुसू!" हे सांगताना भाऊजी हसले, आणि मग डोळे पुसले.

मी म्हटलं, "भाऊजी, हे सगळं या भिंतीवरचं आहे. ह्यांची टोपी याच शिंगाला असायची. शिंगाला भोकं पाडून वायर ओवली तर त्यातलं काय उरेल? आणि दाखला आहे तो या जोडीचा, आहे तशी जपायचा. तिचे तुकडे करून दिवा बनवायचा नाही. शिंगं इथेच असू द्या. नातवाला मी इथे घेऊन येते. ही गोष्ट तुम्ही त्याला सांगा."

भाऊजी बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "आणि माझ्यानंतर?"

या प्रश्नाला मी तयारी करून गेले होते. वारसाने आलेल्या अशा वस्तूची वनखात्याकडे रीतसर नोंद करावी लागते. आणि ज्यांच्याकडे दाखला आहे पण वस्तू ठेवायची नाही, त्यांना ती वनखात्याकडे स्वाधीन करता येते. २०२२ च्या दुरुस्तीत त्यासाठी वेगळी तरतूद केली आहे. मोबदला मिळत नाही. मी हे सांगितलं. भाऊजी म्हणाले, "मोबदला कशाला पाहिजे? रानातलं रानाच्या खात्यात जमा." बँकेत नोकरी झालेला माणूस, बोलणंही तसंच! मुलं सुट्टीला आली की त्यांच्याशी बोलून ते ठरवणार आहेत. तोवर जोडी भिंतीवर.

ज्यांच्या घरात अशी जुनी शिंगं, कातडी आहेत, त्यांना माझं सांगणं एवढंच की कागद कुठे आहेत ते आजच बघून ठेवा. घरातलं मोठं माणूस असेतो बघा. आणि शंका असेल तर थेट वनखात्याच्या कार्यालयात विचारा, शेजाऱ्याला नको.

खरी शिंगं तर बाद झाली. राहिली खोटी. सूनबाईचं म्हणणं रास्त होतं. "आई, रेझिनची शिंगं करतात. कुठल्या प्राण्याला त्रास नाही, कायद्याची भानगड नाही, वजनाला हलकी. मग काय हरकत?" हरकत तशी काहीच नव्हती. तिच्या घरात तिच्या आवडीचा दिवा असावा, यात सासूने मध्ये पडायचं कारण नाही. मी तसं म्हटलंही. फक्त एवढं म्हणाले, की येणारा प्रत्येक पाहुणा मान वर करून विचारणार, 'खरी आहेत का हो?' आणि तू जन्मभर 'खोटी आहेत' असं सांगत राहणार. ती हसली, पण विचारात पडली.

निकाल मात्र माझ्यामुळे लागला नाही. तो लागला सुतारामुळे. आढ्याला कडी मारायला तो शिडीवर चढला होता. खाली सूनबाई फोनवरचं चित्र त्याला दाखवत होती, वजन किती पेलेल ते विचारायला. त्याने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "हे सांबराचं हाय व्हय? आमची आजी कोयनेच्या खोऱ्यातली. त्यांच्या भातात सांबरं शिरायची. रात-रात जागून हाकलायची. मग धरण झालं. आजी म्हणायची, आमचं गाव पाण्यात गेलं तवा कुठं तुमच्या घरात दिवा लागला."

तो सहज बोलला आणि कडी ठोकायला लागला. आम्ही दोघी मात्र तशाच उभ्या राहिलो.

कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. आमच्या गावात दिवा आला तेव्हा मी सातवीत होते. पहिला बल्ब लागला त्या रात्री आईने आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग आम्हाला अभ्यासाला बसवलं. कंदिलाच्या काचा पुसण्यातून माझी सुटका झाली, मी शिकले, बीए झाले, शिक्षिका झाले. ते सगळं त्या पिवळ्या बल्बाखाली. शिवसागर जलाशयाखाली पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतली गावं गेली. ती माणसं कुठे कुठे विखुरली, आणि त्यांतल्या कितीजणांचे प्रश्न अजूनही सुटलेले नाहीत. ते रान, ती सांबरांची पाण्यावर जायची वाट, तीही पाण्याखाली गेली. उरलेल्या रानाचं १९८५ साली कोयना अभयारण्य झालं. पुढे २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. वाघाला तिथे जगायचं तर आधी सांबर जगलं पाहिजे, कारण त्याचं पोट त्यावरच भरतं.

आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तारांमध्ये सगळी वीज एकत्र होते, माझ्या बल्बात कुठली येते ते कुणी सांगू शकणार नाही. पण सातारा-सांगलीत राहणाऱ्या माणसाने बटण दाबलं की त्यात त्या खोऱ्याचा वाटा आहे, असं मी समजते. म्हणजे आपल्या दिव्यात सांबराने आपलं घर घातलेलंच आहे. वर आणखी त्याची शिंगं कशाला टांगायची? खरीही नकोत आणि खोटीही नकोत. दिवा लागतो हेच पुष्कळ झालं.

हे मी बोलले नाही. सूनबाईच म्हणाली, "आई, आपण साधंच काहीतरी करू." मला फार बरं वाटलं.

आता साधं म्हणजे काय, तेही सांगते. कुणाला असाच दिवा करायचा असेल तर उपयोग होईल.

आधी मापं. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत घ्यायची, बेरीज करायची, जेवढे फूट तेवढे इंच दिव्याचा व्यास. आमचं माजघर १६ बाय १४, म्हणून ३० इंच. दिव्याचं खालचं टोक जमिनीपासून निदान सात फूट हवं, नाहीतर उंच पाहुण्याचं डोकं आपटतं. खाली जेवणाचं टेबल असेल तर टेबलापासून अडीच-तीन फूट पुरे. आमचं आढं चौदा फुटांवर, त्यामुळे साखळी लांब लागली.

मग पंखा. परदेशी चित्रांत पंखा नसतो, आपल्याकडे पंख्याशिवाय चालत नाही. मधोमध एकच कडी असते आणि दोघे भांडतात. दिवा पंख्याच्या वर गेला की पात्यांच्या सावल्या घरभर नाचतात, वाचता येत नाही. आम्ही दिवा मध्ये घेतला आणि दोन पंखे भिंतीवर. कडी मात्र वाशाला नाही, थेट आढ्याच्या लाकडाला. वासा वजन घेत नाही.

बैलगाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव वापरावी असं मुलाच्या मनात होतं. पण ती फार मोठी आणि जड पडली. मग मेढ्याच्या लोहाराकडून पट्टीचं ३० इंची कडं करून घेतलं, मध्ये दोन आडव्या सळ्या, चार साखळ्या. ठोकल्याच्या खुणा त्याने घासून काढायला घेतल्या होत्या, सूनबाईने थांबवलं. "त्याच तर राहू दे," म्हणाली. कड्याला पाच लहान काचेच्या हंड्या. तीन जुन्या बाजारात मिळाल्या, दोन नव्या, आणि रंग जुळत नाहीत. सगळं मिळून वजन आठेक किलो. लोखंडाला जावळीच्या पावसात गंज चढू नये म्हणून वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात.

हंड्यांत पाच-पाच वॅटचे पिवळसर एलईडी. खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं बघून घ्या. ६५०० चे घेतले तर घराचा दवाखाना होतो. पाच बल्ब मिळून पंचवीस वॅट. पूर्वीच्या चाळीसच्या एका बल्बापेक्षा कमी वीज आणि उजेड पाचपट. आणि हंड्या कडीवरून सहज निघतात, कारण पाली, कोळिष्टकं आणि पावसाळ्यातले किडे सगळे दिव्याकडेच येतात. शिंगांच्या त्या बेचक्यांतून फडकं कसं फिरवलं असतं देव जाणे! आजेसासूबाई उगीच नव्हत्या बडबडत.

एक माझ्या हट्टाची गोष्टही झाली. माजघराच्या भिंतीत दाराजवळ एक कोनाडा ठेवायला लावला. मेढ्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा झुंबर काय कामाचं? कोनाड्यात एक चिमणी आणि काडेपेटी कायमची.

वास्तुशांतीला भाऊजी आले. प्रवास झेपेल का ही धाकधूक होती, पण आले. माजघरात खुर्चीवर बसून त्यांनी दिव्याकडे बरंच निरखून पाहिलं. म्हणाले, "दोन हंड्या वेगळ्या दिसतात गं."

मी म्हटलं, "हो, जुळल्या नाहीत."

"असू दे," म्हणाले. "आपणही सगळे कुठे जुळतो?"

मग नातवाला जवळ बोलावून त्याला टोप्यांची गोष्ट सांगायला लागले. डावीकडचं शिंग माझं, उजवीकडचं तुझ्या आजोबांचं... तो मांडी घालून ऐकत होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याला सांगलीला न्यायचं कबूल केलं आहे. जोडी बघायला, आणि परत येताना सागरेश्वरलाही. तिथे शिंग दिसलं तर उचलायचं नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. बघू या, ऐकतो का!

तुमच्या लहानपणीच्या घरात कोणता दिवा होता? आणि तो आता कुठे आहे? जरूर सांगा.